‘कॉल ऑफ द व्हॅली’तील गिटार आणि अभिप्रायाची परिभाषा

एखाद्या वाद्यरचनेवर अभिप्राय मागितला असता श्रोता बहुधा प्रथम तिची जात विचारतो. राग आहे की धून, शास्त्रोक्त की सुगम, आपले की परके, असे हे प्रश्न असतात. आणि त्यांची उत्तरे सापडली, की अभिप्राय पुरा झाला असे देणारा व घेणारा दोघेही मानतात. दोन संगीतप्रकारांच्या सीमेवर उभ्या असलेल्या रचनेच्या बाबतीत तर हे हटकून घडते. वस्तुतः वादकाला हवे असते ते निराळेच : स्वर कोठे ठरला, कोठे ढळला, कोणती जागा भरून आली आणि कोणती रिकामी राहिली. १९६७ साली निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका, आणि विशेषतः तीत ब्रिजभूषण काब्रा यांनी वाजवलेली गिटार, हे या दृष्टीने तपासण्याजोगे उदाहरण आहे.

हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी ही ध्वनिमुद्रिका निर्माण केली ती जी. एन. जोशी यांनी. मराठी वाचकाला जोशी परिचित आहेत ते भावगीताचे एक आद्य गायक म्हणून, ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने एक पिढी भारून गेली होती. (भावगीत हाही त्या काळी हक्काचे घर नसलेलाच प्रकार होता : काव्यगायनाहून अधिक, ख्यालाहून कमी, आणि नाट्यपदाहून वेगळा.) संतूर शिवकुमार शर्मा यांचे, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, गिटार काब्रा यांची आणि तबला माणिकराव पोपटकर यांचा. पहिले तिघेही त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत वाद्यांतून उलगडावा, अशी मूळ कल्पना.

वाद्यसंगीतातून कथा सांगण्याची ही रीत युरोपीय आहे, तेव्हा ही ध्वनिमुद्रिका पाश्चात्त्य साच्यात ओतलेली आहे, असे कोणी म्हटल्यास ते वरवर पाहता खरे वाटेल. परंतु रागांचा क्रम पाहावा. अहीर भैरव व नटभैरव, मग पिलू, त्यानंतर झपतालातील भूप, दादऱ्यातील देस आणि शेवटी पहाडी. अहीर भैरव सकाळचा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देस दुसऱ्या प्रहराचा. मेंढपाळाचा दिवस ज्या सांगाड्यावर उभा आहे तो सांगाडा रागसमयाचा आहे. कथा परक्या रीतीची, कालगणना घरची. यांपैकी एकच बाजू ऐकणाऱ्याचा अभिप्राय अर्धाच राहणार.

दुसरा नेहमीचा आक्षेप असा, की सहासात मिनिटांत रागाची बढत होत नाही. हे खरे आहे, आणि भूप व देस यांच्या बाबतीत ते जाणवतेही. राग उमलण्यापूर्वीच खूण करून निघून जातो. तथापि हा आक्षेप वर्गीकरणाचे शस्त्र म्हणून वापरला जातो तेव्हा तो लटका पडतो. अब्दुल करीम खाँ यांच्या सुमारे तीन मिनिटांच्या तबकड्या कोणी सुगम संगीतात टाकल्या नाहीत. काळाची मर्यादा दोन्हीकडे यंत्राने घातलेली. मान्यता मात्र एकीकडे नावाने आधीच मिळालेली.

आता गिटारीकडे वळता येईल. येथे घोटाळ्याचा प्रारंभ शब्दापासूनच होतो. ‘गिटार’ या एका नावाखाली वादनदृष्ट्या दोन वाद्ये वावरतात. एकात बोटांनी तार पडद्यावर दाबली जाते. स्वर पडद्यांनी बांधलेले, आणि तार खेचून मिळेल तेवढीच मींड. दुसरे हवाई पद्धतीचे : वाद्य मांडीवर आडवे, तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या, आणि त्यांवरून पोलादी दांडी सरकवायची. येथे पडदे केवळ डोळ्यांपुरते उरतात. एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची वाट अखंड होते. आपल्याकडील विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् यांचे तत्त्व हेच. काब्रा अली अकबर खाँ यांचे शिष्य. सरोदला पडदे नसतात, घसीट हा तिचा प्राण. त्या तालमीतून आलेल्या हाताला सरकती दांडी परकी वाटण्याचे कारण नव्हते. श्रोत्याच्या कानात मात्र ‘गिटार’ म्हणताच व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवरील चित्रपटगीतांच्या चाली वाजू लागत, आणि काब्रा यांचा पहिला स्वर निघण्यापूर्वीच अभिप्राय तयार असे.

परभाषेतून आलेला शब्द मराठीत रुळला की नाही, हे ठरवण्याची भाषाभ्यासकाची कसोटी येथे उपयोगी पडेल. शब्दाचे कूळ पाहून ते ठरत नाही. त्याला लिंग मिळाले का, त्याचे सामान्यरूप होते का, हे पाहावे लागते. ‘टेबलावर’ म्हणताना कोणी अडखळत नाही, म्हणून टेबल मराठी. ‘गिटार’ कोणी स्त्रीलिंगी चालवतात, कोणी नपुंसकलिंगी. म्हणजे शब्द अद्याप बसता बसता आहे. वाद्याला हीच कसोटी लावायची तर विचारावे ते असे : त्यावर मींड येते का, न्यासाचा स्वर टिकतो का, कणस्वर लागतो का, रागाचे चलन वाकडे न होता जाते का? अहीर भैरवातील कोमल ऋषभ षड्जाकडे उतरताना जी आंदोलित वाट मागतो, ती सरकत्या दांडीला सहज साधते. तेथे वाद्य मराठी विभक्ती घेते, असे म्हणण्यास हरकत नाही. द्रुत लयीत मात्र तोच गुण आड येतो. दोन स्वरांमधील वाट पुसून स्वर सुटे, टोकदार काढायचे तर दांडी उचलावी किंवा तार दाबून थांबवावी लागते, आणि त्यात तानेचा दाणा बोथट होतो. या ध्वनिमुद्रिकेत त्रिकूट साधले आहे ते याच कारणाने : संतुराजवळ दाणा आहे पण अखंड मींड नाही, गिटारीजवळ मींड आहे पण दाणा कमी, आणि बासरीजवळ श्वास. एकाची उणीव दुसऱ्याने झाकलेली आहे. गिटारीवर करता येईल असा खरा आक्षेप यातूनच निघतो : तिला पुष्कळदा संथ भरणाचेच काम मिळाले आहे, आणि एकटीने राग पेलण्याची तिची परीक्षा येथे होत नाही.

अशा नेमक्या आक्षेपाचे मोल काय असते, हे त्रिकुटातील संतुराच्या इतिहासावरून कळते. १९५५ साली शर्मा यांनी मुंबईच्या जाहीर मैफलीत संतूर वाजवले तेव्हा जाणकारांनी वादकाची वाखाणणी केली, पण या वाद्यावर मींड निघत नाही, तेव्हा रागसंगीताला ते अपुरे, असा अभिप्राय दिला. वाद्य सोडून देण्याचा सल्लाही मिळाला. सल्ला त्यांनी मानला नाही. आक्षेप मात्र मानला. तारांची संख्या व मांडणी बदलली, वाद्य लाकडी चौकटीवरून मांडीवर घेतले, आणि कलमे तारांवर हलकेच घासत नेऊन नाद लांबवण्याची युक्ती काढली. अभिप्रायातील वर्गवारी टाकून द्यावी आणि त्यातील ध्वनिविषयक निरीक्षण ठेवावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

उलट उदाहरणही आहे. बाजाची पेटी मींड देत नाही, हे निरीक्षण तितकेच खरे होते; परंतु १९४० साली आकाशवाणीने त्यातून थेट बंदीच काढली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंबे यांच्या हाताखाली पेटीने काय केले, हा प्रश्न त्या बंदीत कोठेच नव्हता.

सीमेवरील वस्तूची जात विचारण्यातील व्यर्थता बोलीभूगोलाच्या अभ्यासकाला वेगळी सांगावी लागत नाही. पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या ऐन खांद्यावर कुडपण हे गाव आहे. जिल्हा रायगड, पण सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा शेजारीच. तेथील बोलणे ‘कोकणातले की घाटावरचे’ असे विचारणारा पाहणीकार पहिल्याच दिवशी फसेल. त्याने विचारावयाचे ते एकेका रूपाविषयी : हे क्रियापद कसे चालते, हा स्वर अनुनासिक आहे का, या वस्तूला शब्द कोणता. प्रत्येक वैशिष्ट्याची रेषा वेगळ्या जागेवरून जाते, आणि सगळ्या रेषा नकाशावरील सीमेशी जुळतील अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. संगीतसमीक्षेत ही शिस्त का नसावी? आपल्या शास्त्राला ती अगदीच अपरिचित होती असेही नाही. शुद्ध, छायालग व संकीर्ण ही रागांची जुनी विभागणी मिश्रणाला दोष न मानता नाव देते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’तील पिलू आणि पहाडी हे स्वतःच असे मोकळ्या चालीचे राग; पिलूत शुद्ध व कोमल गांधार-निषाद बिनदिक्कत नांदतात. त्यांना कोणी सरमिसळ म्हणत नाही, कारण त्यांची नावे आपल्या कानांवर आधीपासून आहेत.

नाव बदलले की अभिप्राय कसा बदलतो, याचा पुरावा पुढील काळाने दिला. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडल्या आणि तिला ‘मोहनवीणा’ म्हटले. (राधिकामोहन मैत्र यांच्या अगदी वेगळ्या वाद्याचेही हेच नाव, कोशकारांनी सावध असावे.) ‘वीणा’ या शब्दाबरोबर परंपरा आपोआप आली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह त्यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ १९९३ मध्ये निघाली व १९९४ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो ‘जागतिक संगीत’ या विभागात. हा विभाग म्हणजे पुरस्कारदात्यांच्या कपाटातील ‘इतर’ असे लिहिलेला खण. त्या वादनात दोन सरकत्या हातांच्या मींडा कोठे एकमेकींना भेटतात आणि कोठे टाळतात, हे त्या खणाच्या चिठ्ठीवरून कळण्यासारखे नाही.

काब्रा यांनी आपल्या वाद्याचे नाव ‘गिटार’ हेच राखले. २०१८ साली ते निवर्तले. त्रिकुटातील इतर दोघांनी पुढे ‘शिव-हरी’ या जोडनावाने ‘सिलसिला’ (१९८१) आदी चित्रपटांना संगीत दिले, आणि संतूर-बासरीची ती जुळणी सर्वांच्या कानांत बसली. काब्रा यांच्या एकल रागवादनाच्या ध्वनिमुद्रिकांकडे त्या मानाने थोडेच श्रोते वळले, आणि गिटारीची जी परीक्षा १९६७ मध्ये झाली नाही ती तेथेच झालेली आहे.