बार्लाम आणि साष्टीचा म्हातारा

संतांची चरित्रे आपल्याकडे दोन प्रकारांनी वाचली जातात. भाविक त्यांतले चमत्कार मोजतो, चिकित्सक ते वजा करतो. पण दोघांचीही नजर चमत्कारावरच खिळलेली असते. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती संन्याशांच्या चरित्रांची गत याहून निराळी नाही. अँटनीला सैतानांनी झोडपले, पॉलला कावळा रोज भाकर आणून देई, त्याची कबर दोन सिंहांनी उकरली, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. या गोष्टी रम्य आहेत, यात शंका नाही. परंतु केवळ यांच्या बळावर ती चरित्रे दीड हजारांहून अधिक वर्षे जगली असती, असे मला वाटत नाही.

अँटनी ३५६ साली वारला आणि थोड्याच वर्षांत अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने त्याचे चरित्र लिहिले. पुढे ३८६ साली मिलान शहरी ऑगस्टीनला एका परिचिताने या अँटनीची हकीकत सांगितली, आणि तिच्याबरोबर आणखी एक सांगितली: त्रिएर येथे दोन राजसेवकांच्या हाती हे पुस्तक पडले, आणि ते वाचून त्यांनी चाकरी सोडली. ऑगस्टीनचे मन हलले ते ही दुसरी हकीकत ऐकून. एका माणसाने काहीतरी सोडले, ते वाचून दुसऱ्याने सोडले, ते ऐकून तिसरा अस्वस्थ झाला. या चरित्रांचा खरा परिणाम असा माणसामाणसांतून गेलेला आहे.

त्या साधूंच्या आठवणींचे जे संग्रह पुढे झाले, त्यांत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. तरुण शिष्य वृद्धाकडे येतो. त्याला 'अब्बा', म्हणजे बाबा, अशी हाक मारतो आणि एखादा शब्द मागतो. वृद्ध एखादे वाक्य बोलतो, कधी तेही नाही. स्केतिसच्या वाळवंटातला मोझेस हा पूर्वी दरोडेखोर होता. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करण्यासाठी त्याला सभेला बोलावले, तेव्हा तो गळके भांडे पाठीवर घेऊन गेला. विचारणाऱ्यांना त्याने इतकेच सांगितले, की माझी पापे माझ्यामागे अशी गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी निघालो आहे दुसऱ्याचा न्याय करायला. सभेने त्या बंधूला क्षमा केली. येथे चमत्कार नाही आणि प्रवचनही नाही. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेथेही एक प्रसंग, एक प्रश्न आणि एक उत्तर एवढाच ऐवज असतो. त्या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण गुरूचे बोलणे जपायचे, तर ते प्रसंगासकट जपावे लागते, हे दोघींनाही उमगले होते.

वाळवंटातल्या या म्हाताऱ्याची एक कथा फिरत फिरत आमच्या ठाण्याच्या परिसरात आली, ती बार्लाम आणि जोसाफात यांची. हिंदुस्थानच्या एका राजाला पुत्र होतो. हा मुलगा पुढे ख्रिस्ती होईल असे भविष्य ऐकून राजा त्याला महालात कोंडून वाढवतो; दुःख म्हणून त्याच्या दृष्टीस पडू देत नाही. तरी राजपुत्र बाहेर पडतो. त्याला व्याधिग्रस्त आणि वृद्ध माणसे दिसतात, आणि मृत्यू म्हणजे काय ते कळते. मग वाळवंटातला बार्लाम नावाचा साधू व्यापाऱ्याच्या वेषात, अमोल रत्न दाखवायला आणले आहे असे सांगून, त्याच्यापर्यंत पोहोचतो.

वाचक मनात हसला असेल. ही कथा सिद्धार्थाची आहे, हे सांगायला पंडित नको. तरी युरोपातल्या विद्वानांनी ते पुराव्यानिशी मांडले, ते १८५९-६० च्या सुमारास. बोधिसत्त्व हे नाव अरबीत 'बूदासफ' झाले. अरबी लिपीतल्या ब आणि य यांत नुक्त्यांचाच काय तो फरक, त्यामुळे त्याचे 'यूदासफ' झाले. तेथून जॉर्जियन, ग्रीक आणि लॅटिन असा प्रवास करीत 'जोसाफात'. रोमन चर्चच्या हुतात्म्यांच्या यादीत सोळाव्या शतकात या दोघांसाठी २७ नोव्हेंबर हा दिवसही मुक्रर झाला. बार्लामने सांगितलेला एक दृष्टांत तर आपल्या महाभारतातल्या स्त्रीपर्वात आहे: विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेला, विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा. वर मत्त हत्ती, खाली सर्प, आधाराची वेल कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि तो माणूस मात्र मधाचे थेंब चाटण्यात गुंग. ख्रिस्ती कथेत हत्तीच्या जागी एकशिंगी प्राणी आला. टॉल्स्टॉयने आपल्या आत्मनिवेदनात पौर्वात्य कथा म्हणून हीच गोष्ट सांगितली आहे.

हे कळल्यावर आपल्याकडे छाती फुगवण्याची पद्धत आहे: पाहा, आमचाच बुद्ध त्यांचा संत झाला! किंवा उलट, आमची कथा त्यांनी पळवली, अशी तक्रार. दोन्ही भूमिका मला उथळ वाटतात. साहित्याचा प्रश्न असा की, कथेने वाटेत काय मिळवले? मूळ कथेत सिद्धार्थाला हाताला धरून नेणारा कोणी नाही. तो श्रमण पाहतो आणि घर सोडतो. गुरू भेटतात, त्यांनाही सोडतो. वाळवंटाने या कथेला गुरू दिला. ग्रंथाच्या अखेरीस जोसाफात राज्य सोडून रानोमाळ बार्लामला शोधत दोन वर्षे हिंडतो. भेट झाल्यावर त्याच्यापाशी राहतो, त्याला मूठमाती देतो आणि मग तेथेच एकटा उरतो. पॉलला शोधत गेलेल्या नव्वद वर्षांच्या अँटनीची ही आठवण आहे, हे जाणत्याला सांगणे नको.

पण ग्रंथाचा दोषही याच ठिकाणी आहे. त्यातला बार्लाम फार बोलतो. पानेच्या पाने धर्मसिद्धांत सांगणारा हा मनुष्य वेषाने वाळवंटातला असला, तरी वाणीने व्यासपीठावरचा आहे. मोझेसने गळक्या भांड्यात जे बसवले, त्याला येथे दहा प्रवचने लागतात. धर्मसभेच्या प्रसंगात तर दुसऱ्या शतकातले एक जुने प्रचारपर निवेदन जसेच्या तसे एका पात्राच्या तोंडी घातले आहे. अभ्यासकांना त्याचा लाभ झाला, कारण त्या निवेदनाचा ग्रीक पाठ त्यामुळे वाचला. रसिकाला मात्र झाला नाही. बार्लाम गप्प होतो आणि शोध सुरू होतो, तेव्हाच या पुस्तकात वाळवंटाचा वारा शिरतो.

आता ठाण्याकडे वळतो. मी टेंभी नाक्याला राहतो. नवरात्रात येथे पाऊल ठेवायला जागा नसते. एकांताची चर्चा करायला याहून अयोग्य स्थळ सापडणे कठीण. तरी येथून पश्चिमेला येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत: शंभराहून अधिक, दगडात कोरलेले ओटे आणि पाण्याची टाकी असलेली, भिक्षूंच्या राहण्याची. तेथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद आहे. भिक्षू गेले, आणि ती कोणाची होती हेही पुढे लोक विसरले. पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन साधूंनी तेथल्या एका लेण्याचे सेंट मायकेलचे देवालय केले. अशा काळात दियोगु दु कोतु हा पोर्तुगीज इतिहासकार लेणी पाहायला गेला. आपल्या बखरीच्या पाचव्या 'दशका'त त्याने बुद्धाची कथा दिली आहे, आणि ती जोसाफातच्या कथेशी तंतोतंत जुळते हे विद्वानांच्या अडीचशे वर्षे आधी नोंदवले आहे. त्याच ओघात तो सांगतो, की साष्टीतल्या एका अतिवृद्ध माणसाला मी विचारले, हे कोणी कोरले? म्हातारा म्हणाला, जोसाफातच्या बापाने. मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी.

या उत्तरात सारे चुकले आहे आणि सारे बरोबर आहे. ज्या खोल्यांत भिक्षूंनी जग सोडले, त्यांना म्हाताऱ्याने जग लपवण्याचा महाल मानले. परंतु ही लेणी आणि ती कथा एकाच घरची, हे त्याने ओळखले. बहुधा पाद्र्यांकडून ऐकलेल्या परदेशी गोष्टीला त्याने तिचे हरवलेले गाव परत दिले.

धर्मानंद कोसंबींनी १९४०-४१ च्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात महालाची आणि दृश्यांची ही कथा ऐतिहासिक नाही असे दाखवले. डॉ. आंबेडकरांनीही एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर म्हातारपण पाहिलेच नव्हते, हे मानण्यास नकार दिला. दोघांनीही गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्या कलहात शोधले. मला त्यांचे म्हणणे पटते. मग जगभर गेले ते नेमके असत्यच, असा निष्कर्ष काढायचा काय? मी तो काढत नाही. इतिहास एका माणसाचे काय झाले ते सांगतो. दंतकथेला दुसऱ्या माणसाचे काय व्हावे याची काळजी असते. पहिल्याची जागा दुसरीला देणे ही लबाडी होय. पण पहिला हाती आला म्हणून दुसरी फेकून देणे हे दारिद्र्य आहे. चरित्राने तपासाला भ्यायचे कारण नाही, आणि तपासणाऱ्याने गोष्ट ऐकण्याची लाज बाळगू नये.

वाळवंटातल्या त्या साधूंनी जगाला मठ दिले, नियम दिले, उपासतापास दिले; त्यांचा हिशेब इतिहासकारांनी मांडलेला आहे. साहित्याला त्यांनी एक साधी बैठक दिली: एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा वृद्ध. उत्तर चुकले तरी ही बैठक टिकते. साष्टीच्या म्हाताऱ्याचे नाव कोतुने लिहून ठेवले नाही. त्याचे उत्तर तेवढे ठेवले, आणि ते कसे विचारले गेले तेही.