नथीचं वय आणि पडद्यावरचं सोनं

ऐतिहासिक किंवा पौराणिक मालिकेवर लिहिताना आपण संवाद, अभिनय, फार तर नेपथ्य यांची चर्चा करतो. दागिन्यांचा विषय निघालाच, तर ‘डोळे दिपले’ म्हणून पुढे जातो. पण मालिका आपल्या काळाविषयी न बोलता जे सांगते, ते बरंचसं दागिन्यांतूनच सांगते. आणि चुकते तीही तिथेच.

नथीचंच घ्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कंठे आहेत, बाजूबंद आहेत, कानांतले जड अलंकार आहेत. नाकात मात्र काही नाही. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी 1938 मध्ये नथीच्या प्राचीनत्वावर स्वतंत्र निबंध लिहिला. जुन्या शिल्पांत नथ दिसत नाही आणि सुमारे हजार वर्षांपलीकडे तिचा माग लागत नाही, हे आता अभ्यासकांत बहुतेक मान्य आहे. तरीही पौराणिक मालिकेतल्या राण्या बिनदिक्कत नथ घालून वावरतात. प्रेक्षकांना नथ म्हणजे ‘परंपरा’ वाटते, एवढंच त्यामागचं संशोधन.

हे दागिने खोटे असतात, ही माझी तक्रार नाही. पितळेचा किंवा तांब्याचा पत्रा ठशावर ठोकायचा, वर मुलामा द्यायचा, माणकाच्या जागी काच आणि मोत्याच्या जागी प्लास्टिक बसवायचं. दिवसाचे दहा-बारा तास नटीच्या अंगावर राहायचं तर वजन कमीच हवं. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ लागते. बांगड्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो, म्हणून त्या आतून चिकटवाव्या लागतात. मध्येच माळ तुटली तर दृश्य अडू नये म्हणून तिची जोडही तयार ठेवावी लागते. शिवाय वजन आणि सोनं वाचवण्याची युक्ती आपल्या जुन्या सोनारांनाही होतीच. बोरमाळेचे मणी पोकळ करून ते आत लाख भरत.

तक्रार आहे ती झळाळीची. कलाविभाग भिंतीवर पोपडे रंगवतो, तांब्याच्या घंगाळाला डाग पाडतो. पण सासूकडून सुनेकडे आलेली, वीस वर्षं रोज गळ्यात असलेली ठुशी मात्र काल दुकानातून आणल्यासारखी लखलखते. वापरातल्या सोन्याच्या कडा झिजतात, नक्षीच्या खाचांत मळ बसतो. थोडा काळा रंग लावून फडक्यानं पुसला की हे साधतं. खर्च जवळजवळ नाहीच.

त्याहून गंभीर दोष म्हणजे सगळ्यांच्या अंगावर सारखंच सोनं. पेशविणीपासून कुणबिणीपर्यंत सगळ्या एकाच पेटीतून सजलेल्या दिसल्या, की कोण कुणापुढे वाकतं हे संवादांनी सांगावं लागतं. गळा कुणाचा रिकामा आहे हे दाखवायला कॅमेऱ्याला एक क्षण पुरला असता.

पुतळ्यांची माळ हा तर हातचा घालवलेला ऐवज. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची सोन्याची मोहोर. तिच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. समुद्रमार्गे आलेलं हे नाणं मराठी बायकांच्या गळ्यात बसलं. आज बाजारात मिळणाऱ्या ठशाच्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मी असते, आणि मालिकांची खरेदीही त्याच बाजारातून होते. दोन आकृत्या नीट कोरलेला एक ठसा करून घेतला, तर सतराव्या-अठराव्या शतकातला व्यापार न बोलता चौकटीत येईल.

दरबाराच्या वस्तूंचंही तेच. 1674 च्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेननं सिंहासनाजवळच्या भाल्यांची नोंद करून ठेवली आहे: उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांची शेपटं आणि एका उंच भाल्यावर सोन्याचा तराजू. नेपथ्यकाराला आणखी काय हवं? सोनेरी सिंहांच्या सिंहासनावर सगळा पैसा ओतण्यापूर्वी त्यानं हा तराजू करावा. घोड्यांची शेपटं तर त्याहून स्वस्तात मिळतील.