हर्ट्झ नको, मिलिसेकंद मोजा

नवा गेमिंग मॉनिटर घेताना खोक्यावरचे दोन आकडे आपल्याला भुलवतात: '२४० हर्ट्झ' आणि '१ मिलिसेकंद'. दोन्ही जरा सोलून बघू.

हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. डोळ्याला जाणवतो तो मात्र एक चित्र टिकून राहण्याचा वेळ. ६० हर्ट्झला तो १६.७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात तर जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर जेमतेम ३. दुसरी उडी आकड्याने मोठी, फायद्याने पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान!

'१ मिलिसेकंद' हा तर बहुतेकदा पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. तेवढ्याने धूसरपणा जात नाही. पळणाऱ्या शत्रूमागे आपला डोळा सलग फिरतो, पण पडद्यावरचं चित्र पुढच्या फ्रेमपर्यंत जागीच थांबतं. सेकंदाला १२०० पिक्सेल पळणारी आकृती त्यामुळे ६० हर्ट्झवर २० पिक्सेल फरफटलेली दिसते, २४० वर ५. पिक्सेल कितीही चपळ असला तरी ही फरफट उरतेच. खोक्यावर तिचा उल्लेख अनेकदा नसतो.

माझं मत: ६० वाल्यांनी १४४ जरूर घ्यावा. १४४ वाल्यांनी आधी गेममधला फ्रेम रेट बघावा. ग्राफिक्स कार्ड ९० फ्रेम्सच देत असेल, तर २४० चे पैसे बहुतेक वाया. आणि मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. कित्येकदा तो ६० वरच बसलेला असतो.