तेराव्या क्रमांकाची शर्यत

मराठीत सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा लेखनप्रकार कुठला असं मला विचारलं, तर मी यशोगाथेचं नाव घेईन. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर दुसऱ्या प्रयोगाआधीच होते. यशोगाथा मात्र येते, फॉरवर्ड होते, खाली हात जोडलेले इमोजी पडतात आणि विषय संपतो. मी नाशिकची. त्यामुळे या प्रकारातल्या दोन गाजलेल्या गोष्टी अगदी घरच्यासारख्या वाचत आले आहे. एक सावरपाड्याच्या कविता राऊतची, दुसरी तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळची. दोघांवर इतकं लिहून आलंय की ते नुसतं एकापाठोपाठ एक वाचलं तरी आपण खेळाडूंकडून नेमकं काय मागतो हे दिसायला लागतं.

आधी कविताची गोष्ट. तुम्हाला ती पाठ असेल. हरसूलकडचा आदिवासी पाडा, डोक्यावर पाण्याची भांडी, डोंगरातली अनवाणी वाट, मग धावणं, मग 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे बिरुद आणि मग पदक. शाळेच्या पुस्तकात धडाही आला. दत्तूचा साचाही तोच. चांदवड तालुक्यातलं दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची मजुरी, वडिलांचं जाणं, सैन्यात भरती, आणि पाण्याची भीती असलेला पोरगा थेट ऑलिम्पिकच्या पाण्यात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाणी लांबून आणावं लागत होतं हे खरं, मजुरी खरी. माझी तक्रार खरेखोटेपणाबद्दल नाही, कार्यकारणाबद्दल आहे. या लेखांमध्ये हंड्यापासून पदकापर्यंत सरळ रेघ ओढलेली असते, जणू पाणी वाहिल्यामुळेच १०,००० मीटर जमतं. तसं असतं तर त्र्यंबक-पेठ पट्ट्यातल्या निम्म्या बायका राष्ट्रीय विजेत्या झाल्या असत्या. मधली बरीच वर्षं, प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचा सराव, पहाटेच्या फेऱ्या, दुखापती, खाणंपिणं, घड्याळाशी चाललेला रोजचा हिशोब, हे सगळं एका वाक्यात उरकतं. 'जिद्दीच्या जोरावर' हे ते वाक्य.

हा साचा एवढा लाडका का, याचं उत्तर मला 'भूक' या शब्दात सापडतं. इंग्रजी समालोचक खेळाडूला 'हंगर' आहे की नाही असं विचारतात, तेव्हा तो शब्द अलंकार म्हणून येतो. आपण तो उचलला आणि आपल्याकडे खरीच भूक असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली. ज्याने उपाशी दिवस काढले त्याला जिंकायची भूक असणारच, आणि ज्याचं पोट भरलं त्याची ती संपणारच, असं आपण गृहीत धरतो. 'आजच्या पोरांना भूकच राहिली नाही' हे मैदानावर, क्लासमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ऐकू येतं. शूज मिळाले, डाएट मिळालं, सरकारी नोकरी मिळाली, आता कशाला धावतील, असा त्याचा सूर असतो. म्हणजे खेळाडूने कायम अर्धपोटी राहावं अशी आपली छुपी इच्छा असते. बक्षिसाचा चेक देतानाचा फोटो आपण आवडीने बघतो आणि चेक वटला की त्याच्याकडे संशयाने बघू लागतो.

खेळाडू स्वतः स्पर्धेकडे कसं बघतात हे कळायला त्यांच्या मुलाखती फारशा कामाच्या नाहीत, कारण मुलाखतीतही तेच प्रश्न आणि तीच उत्तरं असतात. शर्यतींचे निकाल जास्त बोलतात.

२०१० हे वर्ष घेऊ. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविताने १०,००० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत. मिल्खा सिंग यांच्या १९५८च्या सुवर्णानंतर या स्पर्धेत ट्रॅकवर भारताला मिळालेलं ते पहिलंच वैयक्तिक पदक. साहजिकच नाशिकमध्ये गुलाल उधळला गेला. त्यानंतर सहाएक आठवड्यांनी ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाली. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, आणि शेवटाला पहिल्या दोघी भारतीय. केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद, कविता ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. तिसरी बहरीनची. पंचवीस फेऱ्यांनंतर सोनं आणि रुपं यांच्यात एका सेकंदाहूनही कमी अंतर होतं.

आता हे आकडे शेजारी ठेवा. ग्वांगझूला 'हरलेली' कविता दिल्लीत 'जिंकलेल्या' कवितापेक्षा एक मिनिट तेरा सेकंदांहून जास्त वेगवान होती. दिल्लीची शर्यत मुळात संथ होती, लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून धावतात तेव्हा तसं होतं, हे मान्य. तरीही तोवरच्या आयुष्यातली सर्वात वेगवान शर्यत ती दुसरी येऊन धावली, आणि तिला त्या वेगापर्यंत नेणारी बाई तिच्याच संघातली होती. प्रीजा नसती तर कविताला सोनं मिळालं असतं, पण ३१:५१ मिळाले असते का? मला नाही वाटत. पाच हजार मीटरमध्येही प्रीजा दुसरी आणि कविता तिसरी. म्हणजे एका स्पर्धेत दोनदा, एकाच मैत्रिणीच्या मागे. मराठीत आपण याला 'सुवर्ण हुकलं' म्हणतो. 'हुकणं' हे क्रियापद गाडीला ठीक आहे. इथे ते शर्यत बघूच देत नाही. स्पर्धक म्हणजे शत्रू, हा आपला सोपा हिशोब ग्वांगझूच्या ट्रॅकवर अजिबात चालत नाही. तिथे प्रतिस्पर्धीच तुमचं घड्याळ असते.

दत्तूच्या बाबतीत तर आपल्याकडे शब्दच नव्हते. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताचा तो एकमेव रोइंगपटू. निकाल: तेरावा. बातम्यांनी 'पदक नाही, पण मनं जिंकली' हे ठेवणीतलं वाक्य काढलं. वाक्य प्रेमळ आहे, पण आळशी आहे. कारण दत्तूने रिओत नुसती मनं नव्हती जिंकली, एक शर्यतही जिंकली होती.

रोइंगची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. धावण्यात किंवा कुस्तीत हरलात की बहुतेक वेळा सामान आवरायचं. रोइंगमध्ये हरलेल्यालाही पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. 'अ' अंतिम फेरीत पहिले सहा क्रमांक ठरतात, 'ब'मध्ये सात ते बारा, 'क'मध्ये तेरा ते अठरा, आणि असंच खाली. दत्तू उपांत्यपूर्व फेरीत चौथा आला आणि पुढे फक्त तिघे जात होते. म्हणजे पदकाची शक्यता तिथेच संपली. त्यानंतर त्याला आणखी दोन शर्यती होत्या, आणि त्यांतून ठरायचं होतं ते एवढंच, की आपण तेरावे की अठरावे की त्याच्याही खाली. त्याने 'क' अंतिम फेरी ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन यांची वेळ सारखीच, ६:४१.३४ आली आणि सुवर्ण फोटोवर ठरलं. वेगवेगळ्या फेऱ्यांत वारा-पाणी वेगळं असतं, त्यामुळे वेळांची थेट तुलना जपून करावी. तरी दोन किलोमीटरवर चौदा सेकंदांच्या आतला फरक, आणि हातात वल्हं घेऊन जेमतेम चार वर्षं झालेला माणूस.

आणखी एक गोष्ट. रोइंग करणारा शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतो. पुढे कोण आहे हे त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. दिसतात ते मागे पडलेले. त्या दिवशी दत्तूला बाकीचे पाचही जण दिसत असणार. पदक नाही, प्रायोजक नाही, देशात कुणी टीव्ही लावून बसलेलं नाही, आणि तो तेराव्या क्रमांकासाठी जीव तोडून वल्हवतोय. स्पर्धात्मकता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? यशोगाथेला मात्र तेरावा म्हणजे फक्त 'पहिल्या तिनात नाही'.

पुढचा भाग यशोगाथा सांगतच नाहीत. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत त्याने सुवर्ण जिंकलं. सोन्याचे हारतुरे झाले. मग मार्च २०१९मध्ये रोइंग महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आरोप असा, की एकेरीत तो मध्येच थांबला, मुद्दाम कमी पडला. त्याचं म्हणणं, तब्येत बिघडली होती. जानेवारी २०२०मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्याचं नाव होतं.

महासंघाची बाजू मी उडवून लावणार नाही. देशाच्या खर्चाने पाठवलेला खेळाडू शर्यतीत थांबला तर प्रश्न विचारायलाच हवा. चौकशी करा, डॉक्टरांना विचारा. पण 'मुद्दाम कमी पडला' या शब्दांमागे जी समजूत आहे, ती मला यशोगाथेतूनच आलेली वाटते. विहिरी खोदणारा, भीतीवर मात करणारा, आई आजारी असताना ऑलिम्पिकची पात्रता मिळवणारा माणूस आपण इतका अतिमानवी करून ठेवला, की त्याचं शरीर एखाद्या दिवशी नाही म्हणू शकतं ही शक्यताच उरली नाही. जिद्दीच्या गोष्टीत ताप येत नाही. तिथे थांबलेला माणूस एक तर नालायक असतो, नाही तर गद्दार.

थांबण्यावरून एक दूरचं उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात त्यांच्या स्वतःच्या नियमांचा फुटबॉल खेळतात, लंबगोल चेंडूचा, एका बाजूला अठरा खेळाडू. तिथे टॉम बॉइड नावाचा खेळाडू २०१३च्या निवडीत अख्ख्या देशात पहिला निवडला गेला. वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबने त्याच्याशी सात वर्षांचा लाखो डॉलर्सचा करार केला. २०१६च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले आणि क्लबला १९५४नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. २०१९मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, कराराचे पैसे सोडून तो निवृत्त झाला. शरीराची आणि मनाचीही इच्छा उरली नाही, असं त्याने सांगितलं. नैराश्याबद्दल तो आधीच उघडपणे बोलला होता. तिथेही 'आजकालच्या पोरांना' हा सूर लागतोच, पण निदान इच्छा संपू शकते हे वाक्य तिथे एका विजेत्याने जाहीरपणे उच्चारलं. आपला खेळाडू ते कसं उच्चारेल? त्याची नोकरी, घर, गावातला मान सगळं त्या इच्छेवर उभं असतं. बॉइडने करार सोडला. आपल्याकडे बहुतेकांना सोडायला करारच नसतो.

स्वप्नील कुसाळेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीत तयार झाला तो नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. पॅरिसमध्ये २०२४ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. नंतर तो बोलला ते श्वासाबद्दल, आणि सकाळी फक्त काळा चहा पिऊन आल्याबद्दल. प्रतिस्पर्ध्यांना चिरडण्याची भाषा त्यात नव्हती. बातम्यांनी मात्र रेल्वेचा तिकीट तपासनीस, धोनीही तिकीट तपासनीस, एवढ्यावरच दोन दिवस काढले. श्वासाचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

परत कविताकडे येते, कारण तिचीही एक शर्यत यशोगाथेतून गळाली आहे. २०१६च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत जिंकली आणि त्यातून रिओ गाठलं. ऑगस्टमध्ये रिओच्या उन्हात तीच मॅरेथॉन तिला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद लागले. क्रमांक १२०. तिच्यावरच्या लेखांत रिओ हे 'ऑलिम्पिकमध्ये भारताचं प्रतिनिधित्व' एवढ्या तीन शब्दांत संपतं.

मला त्या वेळेत रस आहे. तीन तासांच्या आत, एकतीस सेकंद राखून. गुवाहाटीपेक्षा एकवीस मिनिटं मागे पडलेली, पदकाशी काडीचा संबंध न उरलेली, वयाची तिशी ओलांडलेली धावपटू शेवटचे दहा किलोमीटर काय हिशोबाने धावते? कुठे वेग सोडते, कुठे धरते, थांबावंसं कुठे वाटतं, का थांबत नाही? ज्याने-तिने मोबाईलवर धावण्याचं ॲप घेऊन पहाटे गंगापूर रोडवर पाच किलोमीटर काढलेत, त्या प्रत्येकाला हे वाचायला आवडेल. पाण्याच्या हंड्याबद्दल आपण पुरेसं वाचलं आहे. एकशेविसाव्या क्रमांकाबद्दल, 'क' अंतिम फेरीबद्दल, प्रीजाच्या पाठीमागे धावलेल्या पंचवीस फेऱ्यांबद्दल सलग दोन पानं मराठीत लिहिलेली मला अजून सापडायची आहेत.