भागतंय कोणाचं?

मागच्या वर्षी एका शुक्रवारी, बग माहीत असूनही मी रिलीजला ‘ओके’ दिला. मॅनेजर म्हणाला, “अरे, एवढं चालतंय.” सोमवारी सपोर्टमधल्या मुलीने दिवसभर ग्राहकांच्या शिव्या खाल्ल्या. माझ्यापर्यंत फक्त एक तिकीट आलं.

त्यानंतर मी हर्बर्ट सायमन वाचला. १९७५ मध्ये अॅलन न्यूएलसोबत संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल, दोन्ही मिळवलेला माणूस.

१९३५ मध्ये, विद्यार्थी असताना, तो मिल्वॉकी शहरातल्या खेळाच्या मैदानांचं बजेट बघत होता. देखभालीवर किती खर्च करायचा आणि मुलांना खेळवणाऱ्यांवर किती, यावरून खात्यांमध्ये वाद होता. पाठ्यपुस्तकाप्रमाणे शेवटच्या डॉलरचा फायदा दोन्हीकडे सारखा होईल अशी वाटणी करायची. पण तसा हिशेब कुणी करतच नव्हतं. जो तो आपल्या खात्याच्या खिडकीतून बघत होता.

पुढे सायमनने मांडलं, की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. तेवढी माहिती, वेळ आणि डोकं त्याच्याकडे नसतं. तो मनात एक पट्टी ठरवतो आणि तिला उतरणारा पर्याय मिळाला की थांबतो. याला त्याने ‘सॅटिसफायसिंग’ म्हटलं. आपण म्हणतो, भागवणं.

बहुतेक जण सायमनला इथेच सोडतात, कारण इथवरचा सायमन सोयीचा आहे. ‘परफेक्टच्या मागे लागू नका’ सांगणाऱ्या रीलमध्ये तो छान बसतो. पण १९४७ च्या ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर’मध्ये तो पुढे जातो. पट्टी आपण एकटे ठरवत नाही. डेडलाइन काय, टार्गेट काय, कुठली माहिती कुणाच्या टेबलावर जाणार, हे संस्था ठरवते. माझा ‘ओके’ मी उच्चारण्याआधीच अर्धा ठरलेला होता.

माझी तक्रार इथून सुरू होते. या पुस्तकात सायमन तथ्य आणि मूल्य वेगळं करतो. ध्येय गाठायला कुठला मार्ग योग्य, हे तपासता येतं. ध्येयच योग्य आहे का, हे शास्त्राने ठरवता येत नाही, असं तो म्हणतो. मांडणी स्वच्छ आहे. पण ‘शुक्रवारी रिलीज’ हे ध्येय एकदा धरलं, की माझा निर्णय तिच्यात बरोबर ठरतो आणि सोमवारच्या शिव्या हिशेबाबाहेर राहतात. आमचं भागलं, तिचं नाही.

आता आमच्या रिलीजच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवलाय: चूक निघाली तर फोन कोण उचलणार? कुणी हरकत घेतली नाही. बहुतेक वेळा तो रिकामाच येतो. मग मी ‘ओके’ थांबवतो आणि नाव विचारतो.