स्वयंचलित अद्ययावतीकरण : सोय आणि जबाबदारी
(सॉफ्टवेअर कंटेनरच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :
संगणकप्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे ही सुरक्षिततेची पहिली अट मानली जाते. 2013 मध्ये डॉकर प्रसिद्ध झाल्यानंतर सॉफ्टवेअर त्याच्या पूरक घटकांसह ‘कंटेनर’मध्ये बंद करून चालविण्याची पद्धत रूढ झाली. पुढे चालू कंटेनर आपोआप अद्ययावत करणारी साधनेही आली. तांत्रिक मनुष्यबळ अपुरे असलेल्या महाविद्यालयांना ही सोय आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ती निर्धोक आहे, या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
वॉचटॉवर हे या प्रकारातील परिचित साधन होय. ते ठरावीक अंतराने मूळ भांडारातील इमेज तपासते. नवी आढळल्यास उतरवून घेते, चालू कंटेनर थांबविते आणि पूर्वीच्याच मांडणीनुसार नवा सुरू करते. या क्रमात ‘नवे ते योग्य आहे काय?’ हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. व्यावसायिक कामासाठी त्याचा वापर करू नये, असे त्याच्या कर्त्यांनीच नमूद केले होते.

न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. सुप्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील मालाला समुद्रमार्गे परदेशी जाण्यासाठी न्हावाशेवा हे जवळचे बंदर. तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम 27 जून 2017 च्या नॉटपेट्या हल्ल्यात ठप्प झाले. हे प्रकरण सॉफ्टवेअर कंटेनरचे नव्हते. परंतु त्यातील बोध येथेही लागू पडतो. हा हल्ला युक्रेनमधील ‘एम. ई. डॉक’ या लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातूनच शिरला होता. मात्र तो पसरण्यास विंडोजमधील ज्या त्रुटीचा लाभ झाला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच उपलब्ध केली होती. म्हणजेच एकाच घटनेत अद्ययावतीकरण विषवाहक ठरले आणि त्याचा अभावही घातक ठरला.

निष्कर्ष :
यावरून ‘अद्ययावत करावे की नाही’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. खरा प्रश्न संमती कोणाची, हा आहे. नवी आवृत्ती शोधणे व तिची सूचना देणे हे काम यंत्राकडे सोपवावे. परंतु ‘लेटेस्ट’ या फिरत्या खुणेवर विसंबण्याऐवजी निश्चित आवृत्ती नोंदवून, स्वतंत्र ठिकाणी चाचणी घेऊन आणि माहितीसाठ्याची प्रत राखूनच ती स्वीकारावी. कारण जुनी इमेज परत आणता येते. नव्या आवृत्तीने बदललेला माहितीसाठा मात्र तिच्यासोबत परत येत नाही. त्रुटी गंभीर असल्यास ही तपासणी काही तासांत उरकावी. ती लांबविणे हाही निष्काळजीपणाच होय. निकालाच्या दिवशी प्रणाली बंद पडली, तर विद्यार्थ्यांना उत्तर यंत्र देत नाही. ते महाविद्यालयालाच द्यावे लागते.