घाट बांधणारे आणि घाटावर राहिलेले

काशीवरचे मराठी लेखन वाचताना मला एक सवय खटकते. बहुतेक लेख देणगीदारांच्या यादीने सुरू होतात आणि तिथेच संपतात. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर बांधले, भोसल्यांनी घाट बांधला, पेशव्यांनी ब्रह्मपुरी वसवली. अ. स. आळतेकरांच्या १९३७ सालच्या बनारसच्या इतिहासात मराठ्यांच्या या वाट्याला मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण नंतरच्या लेखकांनी त्या नोंदीचा नुसता अभिमान केला. बांधणाऱ्यांची नावे उरली, राहणाऱ्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही.

रामघाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय लागते. तिथली वेदांची संथा ऐकताना मला पैठण आठवते. सोळाव्या शतकात त्या एकाच गावातून काशीला दोन धारा आल्या. एक भट्ट घराण्याची. नारायणभट्टांनी इथे संस्कृत धर्मशास्त्राचा दबदबा निर्माण केला आणि त्यांच्याच वंशातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकासाठी गेले. दुसरी धारा एकनाथांची. त्यांचे मराठी भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण झाले. मराठी वारशातला संस्कृत आणि प्राकृताचा ताण असा याच नदीकाठी समोरासमोर उभा होता. दोन्ही बाजू आपल्याच होत्या.

पुढची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती मराठीत घडली नाही. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मले आणि 'आज' या हिंदी दैनिकाचे थोर संपादक झाले. नात्याने त्यांचे मामा असलेले सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहीत. त्यांच्या 'देशेर कथा' (१९०४) या पुस्तकाचा पराडकरांनी हिंदी अनुवाद केला. मराठी मामाचे बंगाली पुस्तक मराठी भाच्याच्या हिंदीत! आपल्या वाङ्मयेतिहासात या व्यवहाराला कप्पाच नाही. गजानन माधव मुक्तिबोध काही काळ बनारसला 'हंस'मध्ये होते. ते हिंदीचे म्हणून बाजूला ठेवायचे आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे म्हणून अभ्यासायचे, अशी घराची वाटणी आपण करून टाकली.

याला कोणी भाषेचे नुकसान म्हणेल. घरातली मराठी पिढीगणिक पातळ होते, हे खरेच आहे. ते दुःख मी नाकारत नाही. पण जी माणसे दुसऱ्या भाषेत रुजली त्यांना हरवलेली मानणे ही आपल्या वाचनातली उणीव आहे. हिंदीत 'राष्ट्रपति' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. तोच शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि तो वापरताना काशीतल्या त्या घराची आठवणही आपल्याला होत नाही.

घाटांवरचे शिलालेख आपण पुष्कळ वाचले. आता पराडकरांचे अग्रलेख मराठी वाङ्मयाचे शेजारी म्हणून वाचायला हवेत. नाहीतर काशीतला आपला वारसा केवळ दगडांचा उरेल.